ज्या कुळाचे कवच, त्याच कुळाचे इंजिन

सांता एल्वीरा या आमच्या गावी जन्मास येणाऱ्या प्रत्येक जिवाचा बाप्तिस्मा दोनदा होतो. पहिला देवळात, पाण्याने. दुसरा शर्यतीच्या मैदानावर, धुळीने. पहिल्या संस्काराने नाव मिळते आणि दुसऱ्याने कुळ. कुळे मुख्यतः दोनच: फोर्ड आणि शेवरोले. तोरिनो नावाचे तिसरेही एक कुळ आहे, परंतु घरातून पळून सर्कशीत गेलेल्या चुलत्याचा उल्लेख जसा करावा, तसा त्याचा उल्लेख आमच्याकडे आवाज उतरवून होतो.

मी फोर्ड कुळातला. हे विधान मी आजवर ज्या अभिमानाने केले, त्या अभिमानास माझ्या ठायी कोणताही आधार नव्हता, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल. मी उभी हयात गावच्या शाळेत लॅटिन शिकवले. मला मोटारीचे चाक बदलता येत नाही. एकदा भर पावसात तसा प्रयत्न मी केला, तेव्हा मोटार जॅकवरून उतरून गटारात गेली आणि मी तिच्याआधी पोहोचलो होतो. असे असूनही आमच्या मोटार-शर्यत मंडळाच्या तांत्रिक समितीचा प्रमुख मीच. कारण शर्यतीचे नियम लिहिण्यास असा मनुष्य हवा होता, की ज्याच्या वाक्यातून एकाही मेकॅनिकला निसटता येऊ नये. लॅटिनच्या वर्गातून माझा एकही विद्यार्थी कधी निसटला नव्हता, एवढ्या एकाच गुणावर माझी नेमणूक झाली.

त्या नियमांतले पहिले कलम माझ्या हातून उतरले तेव्हा ते मी रचले, असे मला वाटलेच नाही. ते मला दिसले, असे वाटले. ‘ज्या कुळाचे कवच, त्याच कुळाचे इंजिन.’ फोर्डच्या बाह्यांगात फोर्डचेच यंत्र धडधडावे, शेवरोलेच्या अंगात शेवरोलेचे. देह एकाचा आणि प्राण दुसऱ्याचा, असा व्यभिचार आमच्या धावपट्टीवर होऊ नये. मंडळाने ते वाक्य मैदानाच्या कमानीवर रंगवून घेतले. कमानीखालून जाताना मी चाल मंद करीत असे. कुणी वाचत आहे का, ते पाहण्यासाठी. आणि कुणी वाचत नसेल, तर निदान मी तरी वाचावे म्हणून.

आता आमच्या घरचे सांगतो, कारण पुढचा सारा घोटाळा तिथूनच निघाला. माझा मेहुणा रोमुआल्दो कट्टर शेवरोले कुळातला. तो आपल्या कारखान्यात शेवरोलेची इंजिने स्वहस्ते घडवतो. दंडगोल घासताना तो ज्या तन्मयतेने गुणगुणतो, ती तन्मयता देवळातही विरळाच दिसते. त्याची बहीण इर्मा माझी पत्नी, आणि माझी बहीण देलिया त्याची. म्हणजे सरळसरळ साटेलोटे. दोन्ही लग्नांत पाहुणे वधूपक्ष आणि वरपक्ष असे न बसता टोपीच्या रंगाप्रमाणे बसले, आणि पाद्रीबाबांनी मधल्या वाटेवरून चालताना दोन्हीकडे सारख्याच भीतीने पाहिले.

देलिया मोटार मोठी छान चालवी. लग्नापूर्वी ती वडिलांची फोर्डची मालमोटार चालवायची, लग्नानंतर रोमुआल्दोची शेवरोले. धान्याच्या कोठारांजवळच्या वळणावर मोटार आली, की ती पाय उचलायची आणि मग लागोपाठ दोनदा दाबायची. त्या दोन हुंकारांवरून आमची आई घरात पीठ मळतानाच म्हणायची, “देलिया आली. पाणी ठेवा माते-चहाला.” आज आई नाही आणि देलियाही नाही. तिची मुलगी लुदमिला मात्र आहे. ती माझी भाची, आणि धर्मकन्याही.

लुदमिलाच्या बाप्तिस्म्याला दोन्ही कुळांच्या टोप्या आल्या होत्या. पोरीने दोन्ही तोंडात घालून पाहिल्या आणि दोन्ही थुंकून टाकल्या. तो शकुन आम्ही ओळखावयास हवा होता. मोठी झाल्यावर तिने एका वाडीवरच्या गोठ्यातून तोरिनोचा एक जुना सांगाडा ओढत आणला. त्यात कोंबड्या अंडी घालीत असत.

“मामा, मी फोर्ड घेतली तर बाबा जेवणार नाही, शेवरोले घेतली तर तू जेवणार नाहीस,” ती म्हणाली. “म्हणून तोरिनो. आता दोघे मिळून उपाशी राहा.”

तिने तो सांगाडा सरळ केला, रंगवला, आसन बसवले, चारही चाके जोडली. एकच गोष्ट तिला मिळाली नाही, ती म्हणजे इंजिन. कोंबड्यांच्या सहवासातले मूळ इंजिन तडकलेले होते, आणि शर्यतीस धडधाकट असे दुसरे तोरिनोचे इंजिन ती साऱ्या प्रांतात शोधून दमली. अन्य कुळाचे बसवावे, तर कमानीवर मामाचे कलम रंगवलेले. त्यामुळे गाडी गावाबाहेरच्या तिच्या छपरीत चादरीखाली उभी राहिली आणि लुदमिला दर रविवारी दुसऱ्यांच्या गाड्यांना पेट्रोल भरू लागली. ती मला काही बोलत नसे. फक्त चहाटळपणे कमानीकडे बघून टोपी काढत असे.

अशा वेळी राजधानीच्या मुख्य संघाकडून भविष्यकाळ एका लाकडी पेटीत बंद होऊन आमच्या गावी आला. पेटीत एक इंजिन होते. पुढल्या हंगामापासून प्रत्येक गाडीला हेच यंत्र बसवावे, त्यावर संघाचे सील असावे, ते कुणी उघडू नये. कवच मात्र ज्याला जे प्रिय असेल ते ठेवावे, असा प्रस्ताव होता. त्यामागचे कारण लपवण्यासारखे नव्हते. जुन्या इंजिनांचे ओतीव ठोकळे झिजून संपत आले होते, दर शर्यतीला गाड्या कमी होत होत्या, आणि गेल्या शर्यतीत तर धावपट्टीवर गाड्यांपेक्षा कुत्री अधिक होती.

मंडळाचा अध्यक्ष कीके हा गावचा खाटीक. सभा त्याच्याच अंगणात, निखाऱ्यांवर बरगड्या भाजल्या जात असताना भरते. मांस शिजले की चर्चा संपते, असा दंडक आहे. त्या दिवशी मांस करपले तरी चर्चा संपेना.

“सगळ्यांना एकच इंजिन?” रोमुआल्दो ओरडला. “मग मी काय करू? रविवारी भरतकाम?”

“तू सील बघ,” कीके म्हणाला.

“सील बघायला डोळे लागतात. मला हात आहेत!”

मत घेतले, तेव्हा दोन्ही बाजू समसमान निघाल्या. सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले, कारण बरोबरीच्या प्रसंगी निर्णायक मत तांत्रिक समितीच्या प्रमुखाचे असते. हेही कलम माझेच. मी उभा राहिलो. उभे राहण्याची काही गरज नव्हती, परंतु बसून मला भव्य बोलता येत नाही.

“मित्रांनो,” मी म्हणालो, “इंजिन म्हणजे प्राण. ज्याला कान आहेत, त्याला प्राण ऐकू येतो. डोळे मिटूनही मी सांगू शकतो, की समोरून जाते ती फोर्ड आहे की शेवरोले. पेटीतल्या या निर्जीव वस्तूला मी झोपेतही ओळखीन. जे निर्जीव, त्याला माझे मत नाही.”

“खरंय!” रोमुआल्दो गरजला. आयुष्यात प्रथमच तो माझ्या बाजूने गरजला होता, आणि तो आनंद मला इतका झाला, की लुदमिला उठून उभी राहिल्याचे मी पाहिलेच नाही.

“झोपेत नको, मामा. जागेपणीच ओळख,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी तू आणि बाबा, दोघे डोळे बांधून बसा. तीन गाड्या जातील. एक फोर्ड, एक शेवरोले, एक नव्या इंजिनाची. दोघांनी बरोबर ओळखल्या, तर मी तोरिनो भंगारात देते आणि पुन्हा तोंड उघडत नाही. चुकलात, तर तुझं मत नव्या नियमाला.”

“लुदमि, असं बोलू नये,” मी म्हणालो.

“का? कान दुखतोय?”

अंगण हसले. कीकेने सुरी निखाऱ्यांच्या जाळीवर आपटली आणि ठराव मंजूर झाला.

त्या आठवड्यात मी साधना केली. साधना हा शब्द मी तेव्हा वापरत होतो. इर्मा ‘थेर’ म्हणत होती. चौकातल्या बाकावर डोळे मिटून बसावे, येणारी मोटार ऐकावी, आणि नाव उच्चारून डोळे उघडावेत. पहिल्या दिवशी मी पावाच्या गाडीला फोर्ड म्हणालो. दुसऱ्या दिवशी शवपेट्यांच्या दुकानातल्या गाडीला फोर्ड म्हणालो, आणि ती खरोखरच फोर्ड निघाली. तेव्हा मी आनंदाने टाळी वाजवली आणि आत बसलेल्या विधवेने माझ्याकडे जे पाहिले, ते मी अद्याप विसरलेलो नाही.

“म्हाताऱ्या,” इर्मा रात्रीच्या जेवणाला म्हणाली, “काल मी तुला बागेतून चारदा हाक मारली. तू म्हणालास, शेजाऱ्यांची बकरी ओरडतेय.”

“यंत्राचा स्वर निराळा असतो, इर्मा.”

“हो ना. बकरी तरी बायकोच्या जवळची.”

आणि थोड्या वेळाने, भांडी आवरता आवरता ती हळूच म्हणाली, “ती गाडी भंगारात गेली, तर पोर या गावात राहणार नाही. एवढं लक्षात ठेव आणि मग हवं ते ऐक.”

मला ते ठाऊक होते. परंतु मी असेही मानत होतो, की सत्य ऐकू आले असता खोटे सांगणे हा कमानीचा अपमान ठरेल. कमानीची मला फार काळजी.

रविवारी सारे गाव कुंपणाला लोटले. कोठारांजवळच्या वळणावर, धावपट्टीकडे पाठ करून, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. इर्माने आपल्या हाताने आम्हा दोघांचे डोळे स्वयंपाकघरातल्या पुसण्यांनी बांधले. माझ्या पुसण्याला कांद्याचा वास येत होता, आणि त्यामुळे परीक्षा सुरू होण्यापूर्वीच मी रडत आहे, असा समज पसरला.

पहिली गाडी दुरून आली. आरंभी नुसती गुरगुर, मग स्वर चढत गेला, आणि वळणाशी येताच क्षणभर दबून पुन्हा असा उसळला, की माझ्या छातीत काही हलले. मी विचार केला नाही. विचाराला अवसरच नव्हता. मी उठून उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हणालो, “फोर्ड! काय फोर्ड आहे ही! वडिलांच्या काळची फोर्ड!”

“शेवरोले!” त्याच क्षणी रोमुआल्दो ओरडला. “माझी शेवरोले! मास्तर, कानात बोळे घातलेत काय?”

“अरे, अडाणी माणसा, ही जर शेवरोले असेल तर मी पोप!”

“मग आशीर्वाद द्या आणि खाली बसा!”

मी त्याला ढकलण्यासाठी हात पुढे केला आणि कीकेच्या पोटात गुद्दा मारला. रोमुआल्दोने मला मारण्यासाठी उगारलेली टोपी इर्माला लागली. कुंपणावरचा हशा ओसरण्यास बराच वेळ लागला.

दुसरी गाडी गेली. आता फोर्डचे नाव मी पहिलीलाच देऊन चुकलो होतो. म्हणून मी कान टवकारून या दुसरीचा प्राण शोधू लागलो, आणि शोधणाऱ्याला जे हवे असते तेच मला सापडले. “हीच ती,” मी गंभीरपणे सांगितले. “पेटीतली. ऐका किती थंड, किती पोकळ. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तशी.”

“ही फोर्ड,” रोमुआल्दो म्हणाला. “खोकतेय ते ऐकू येत नाही?”

तिसरी गेली. “शेवरोले,” मी तुच्छतेने म्हणालो. परंतु रोमुआल्दोची शेवरोलेही पहिल्या गाडीतच खर्च झाली होती. त्याने कान पुढे केला. मग म्हणाला, “हे नवीन. कारखान्यातलं. याला माणसाचा हात लागलेला नाही.”

इर्माने पुसणी सोडली.

दुसरी गाडी गावातली सर्वांत जुनी, सर्वांत वंदनीय फोर्ड होती. जिच्या शर्यतीच्या वेळी मी आजवर उभे राहून टोपी काढत आलो, तिलाच मी पत्र्याचा डबा म्हणालो होतो. तिचा मालक माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याहून वाईट असे काही होते. तिसरी गाडी शेवरोले होती. तिचे इंजिन रोमुआल्दोने अख्खा हिवाळा खपून घडवले होते. याला माणसाचा हात लागलेला नाही, हे वाक्य त्याने त्याच इंजिनाविषयी उच्चारले होते. तो आपल्या हातांकडे बघत उभा राहिला.

आणि पहिली? वळणापलीकडून ती सावकाश परत आली, आमच्यासमोर थांबली. कपाळावर बैलाचे चिन्ह. तोरिनो. शिरस्त्राण काढून लुदमिला उतरली. कीकेने पेटीतले इंजिन गुपचूप तिच्या छपरीत पोहोचवले होते आणि आठवडाभर खपून तिने ते बसवले होते.

“कशी वाटली तुझी फोर्ड, मामा?” ती म्हणाली. आणि मग, बापाकडे वळून, अधिक हलक्या आवाजात, “आणि तुझी शेवरोले?”

मी काय म्हणालो, ते लिहावयास लाज वाटते. मी म्हणालो, वारा उलट्या दिशेचा होता. नंतर म्हणालो, कांद्याचा वास होता. कान आणि नाक यांच्या अंतर्गत संबंधाविषयीही मी काही विवेचन आरंभले होते, परंतु इर्माने माझा दंड धरून मला घरी नेले.

संध्याकाळी रोमुआल्दो आला. तो माझ्या घरी सणासुदीखेरीज येत नसे. माते-चहाचा तुंबा त्याच्या हाती दिला, तेव्हा त्याने नळीला तोंड लावले आणि बराच वेळ काढले नाही.

“आन्सेल्मो,” तो म्हणाला. एरवी तो मला मास्तर म्हणे, आणि तेही दात दाखवून. “खरं सांग. तू थापा मारल्यास का? पोरीसाठी?”

“नाही. तू?”

“आईशप्पथ नाही. मला शेवरोलेच ऐकू आली.”

“मला फोर्ड.”

बाहेर पिठाच्या गिरणीची गाडी गेली. आम्ही दोघांनीही तिला नाव देण्याचे टाळले.

“वळणावर,” रोमुआल्दो म्हणाला, “पाय उचलला. आणि मग दोनदा दाबला.”

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. आत पीठ मळत असलेल्या इर्माचे हातही थांबले असावेत, कारण परात वाजायची बंद झाली. लुदमिलाला मोटार चालवायला तिच्या आईने शिकवले होते. मी जी ऐकली, ती वडिलांच्या फोर्डमधून परत येणारी माझी बहीण होती. त्याने जी ऐकली, ती त्याच्या शेवरोलेतून घरी येणारी त्याची बायको. पेटीतल्या त्या यंत्राला स्वतःचा असा काही आवाज असेल, तर तो आम्ही दोघांनी अद्याप ऐकलेलाच नाही.

किंवा असेही असेल, की हे दोन बहिऱ्या म्हाताऱ्यांनी एकमेकांचे केलेले सांत्वन होते. मी तांत्रिक समितीचा प्रमुख असल्यामुळे दोन्ही शक्यतांची नोंद घेणे माझे कर्तव्य आहे.

“मत देणार ना?” जाताना रोमुआल्दोने दारातून विचारले.

“शब्द दिला आहे.”

“मग मी काय करू रविवारी, ते पण ठरव.”

मी मत दिले. नव्या कलमाचा मसुदाही मीच केला, आणि प्राण हा यंत्रात नसून पायात असतो, असे एक दीर्घ वाक्य त्यात घातले. कीकेने ते मांस कापायच्या सुरीनेच खोडले. कमानीवरच्या अक्षरांवर पांढरा रंग फिरला. त्या दिवशी मी घरातून बाहेर पडलो नाही. परंतु रंग पातळ लागला आहे, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पहिले कलम अद्याप वाचता येते. मी पाहून आलो आहे. रोमुआल्दो आता गाड्यांचे आस, स्प्रिंग आणि ब्रेक सुधारतो. सील केलेल्या इंजिनाजवळून जाताना तो ते झाकण बोटाने वाजवतो, जणू आत कुणी आहे का, ते विचारतो. माझे काम सील शाबूत आहे की नाही, हे पाहण्याचे. ते मला जमते.

नव्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीला धावपट्टी भरली होती. पुष्कळ छपऱ्यांतल्या पुष्कळ गाड्यांवरच्या चादरी निघाल्या असाव्यात. मी नेहमीप्रमाणे फोर्डच्या मांडवात, माझ्या नेहमीच्या घडीच्या खुर्चीवर बसलो. पत्र्याच्या डब्याचे बोलणे लोकांनी मला अद्याप पुरते क्षमा केलेले नव्हते. चोरिपानवर, म्हणजे पावातल्या भाजलेल्या सॉसेजवर, कुणी मला मिरचीची चटणी दिली नाही. रोमुआल्दो पलीकडे, शेवरोलेच्या मांडवात होता.

लुदमिला मागून सुटली. बैलाची गाडी प्रत्येक फेरीला थोडी थोडी पुढे येत होती. कोठारांच्या वळणावर तिच्यापुढे एक शेवरोले होती आणि तिच्यापुढे एक फोर्ड, तीच, वंदनीय. पोरीने पाय उचलला. मग दोनदा दाबला. आणि त्या वळणातून बाहेर पडताना ती दोघींच्याही पुढे होती.

आपण उभे राहिलो आहोत, टोपी हवेत फिरवीत आहोत आणि “देलिया! देलिया!” असे ओरडत आहोत, हे मला सर्वांत शेवटी कळले. फोर्डचा मांडव स्तब्ध झाला होता. फोर्डला मागे टाकले गेले असता फोर्डच्या मांडवात टोपी उडवणारा माणूस आमच्या गावाने पूर्वी पाहिलेला नव्हता. कुणीही अपशब्द बोलले नाही. दोघांनी आदरपूर्वक माझी खुर्ची उचलली, घडी केली आणि कुंपणावरून पलीकडे ठेवली.

मी खुर्चीमागून गेलो. खुर्ची उलगडून बसतो न बसतो, तोच शेवरोलेच्या बाजूने आणखी एक खुर्ची कुंपण ओलांडून आली. ती मात्र घडी न करता फेकली होती. मागोमाग रोमुआल्दो, टोपी हरवलेला, घसा बसलेला.

दोन्ही मांडवांच्या मधल्या त्या गवतात सावली नाही, आणि धूळ दोन्हीकडून येते. इर्मा भरतकामाने बैल काढलेले एक निशाण घेऊन तिथे आधीच बसली होती. बैलाचे शिंग एकच झाले होते, दोरा संपला म्हणून.

“बसा,” ती म्हणाली. “आणि दोघांनी डोळे उघडे ठेवा.”